महाविद्यालयाच्या आवारातील रंगमंदिर : चिटगुप्प्यापासून कांपालपर्यंत

नाटक, संगीत आणि नृत्य या तिन्ही कलांचे शिक्षण, तालीम आणि प्रयोग एकाच ठिकाणी व्हावेत, यासाठी शैक्षणिक संस्थेच्या आवारात उभारलेल्या वास्तूला प्रयोगकला केंद्र म्हणतात. केवळ स्नेहसंमेलनासाठी वर्षातून दोन दिवस उघडणारे सभागृह या व्याख्येत बसत नाही. वर्ग, तालमीची खोली आणि प्रेक्षकांसमोरचा मंच ही तीन अंगे जेथे रोजच्या व्यवहारात एकमेकांशी जोडलेली असतात, तेथेच हे नाव शोभते. मोठ्या शहरांत ही तीन अंगे वेगवेगळ्या ठिकाणी असली तरी फारसे बिघडत नाही. लहान गावात मात्र महाविद्यालयाचे आवार हीच अनेकदा सर्वांना खुली असलेली एकमेव जागा असते. म्हणून लहान महाविद्यालयातील रंगमंदिराचा विचार हा खरे तर त्या गावाच्या सांस्कृतिक जीवनाचा विचार ठरतो.

या लेखात त्यासाठी कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचा चिटगुप्पा हा गाव समोर ठेवला आहे. गोव्याप्रमाणेच तेथेही मराठी ही अनेक भाषांच्या शेजारात नांदते, आणि अशा ठिकाणी रंगमंच काय करू शकतो हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

चिटगुप्पा आणि परिसर

चिटगुप्पा बिदर जिल्ह्यात आहे. पूर्वी हुमनाबाद तालुक्यात असलेल्या या गावाला आता स्वतंत्र तालुक्याचा दर्जा आहे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा संस्थानाचे मराठी, तेलुगू आणि कन्नड असे तीन भाग पडले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगणा आंध्र प्रदेशात, तर बिदर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमा आखली गेली तरी बोली त्या रेषेवर थांबल्या नाहीत. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात आजही कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा बाजारात कानी पडतात, आणि एकाच घरात दोन भाषा बोलल्या जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

गोव्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल अशी आणखी एक गोष्ट येथे आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. ज्या चिऱ्याने आपली घरे आणि गडगे उभे राहिले, त्याच जातीचा तांबडा दगड तेथील जमिनीखाली आहे.

माणिकनगरची परंपरा

या भागात संगीताच्या आश्रयाची जुनी आणि जिवंत जागा म्हणजे हुमनाबादजवळचे माणिकनगर. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली दत्तजयंतीच्या दिवशी बसवकल्याणजवळच्या लाडवंती येथे झाला. माणिकनगर त्यांनीच वसविले आणि १८६५ साली मार्गशीर्ष महिन्यात त्यांनी तेथे समाधी घेतली. त्यांच्या संप्रदायाला ‘सकलमत’ म्हणतात. कोणत्याही मताचा अव्हेर करावयाचा नाही, ही त्यामागील भूमिका. त्यांनी मराठीबरोबरच कन्नड, हिंदी-उर्दू आणि संस्कृत या भाषांतही पदे रचली. ही पदे वाचण्यासाठी नव्हे, तर रागतालात गाण्यासाठी आहेत. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे दरबार भरतो आणि गायक-वादक गादीसमोर सेवा रुजू करतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने माणिकनगरचे महत्त्व दोन बाबींत आहे. एकतर तेथे मंदिर, वेदपाठशाळा, शाळा आणि संगीतसेवा एकाच आवारात नांदतात. शिकणे आणि सादर करणे यांत तेथे भिंत नाही. दुसरे असे की, श्रोत्यांना भाषेनुसार वेगळे बसविण्याची गरज तेथे भासत नाही. मराठी पद संपून कन्नड पद सुरू झाले म्हणून कोणी उठून जात नाही. चार भाषांच्या प्रदेशात एकच मंच कसा चालतो, याचे उत्तर चिटगुप्प्याच्या शेजारीच आहे.

कलबुर्गीकडे वळले, तर तेथे १४२२ साली निधन पावलेले सूफी संत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे आणि तेथील उरुसाला कव्वालीची परंपरा आहे. बसवकल्याण ही बाराव्या शतकातील शरणांची आणि वचनांची भूमी. म्हणजे गाऊन, बोलून आणि ऐकून ज्ञान पुढे नेण्याची सवय या प्रदेशाला नव्याने लावावी लागत नाही.

नाटकाची दुहेरी देवघेव

मराठी आणि कर्नाटक रंगभूमीचे नाते मराठी नाटकाच्या जन्मापासूनचे आहे. उत्तर कन्नड भागातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारी झाले. ते पाहून विष्णुदास भावे यांनी पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. हाच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. १८८० साली ‘शाकुंतल’ सादर करून संगीत नाटकाची पायवाट घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. गोमंतकाने या प्रवाहात आपली भर घातली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन केली.

नाटक मंडळ्यांना स्वतःचे घर नव्हते. गावोगावी तंबू किंवा भाड्याचे नाट्यगृह हाच त्यांचा आधार होता. १९३० नंतर बोलपटांनी हा व्यवसाय ओढून नेला, तेव्हा लहान गावांतील नाटक उघड्यावर पडले. ही रिकामी जागा पुढे बऱ्याच अंशी महाविद्यालयांनी भरून काढली. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली आणि मराठी रंगभूमीला लेखक, नट, दिग्दर्शक पुरविणारी ती एक मोठी वाट ठरली. देशपातळीवर विद्यापीठांच्या युवा महोत्सवात संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि दृश्यकला हे पाच विभाग असतात. नाट्यविभागात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नकला येतात. एखाद्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या तालुक्याबाहेरचा मंच प्रथम दिसतो तो बहुधा या महोत्सवातच. मात्र स्पर्धेची तालीम कोठे करायची, हा प्रश्न त्याच्या महाविद्यालयातच सुटावा लागतो.

तीन नमुने

शिक्षण आणि मंच एकत्र आणणाऱ्या तीन संस्था येथे विचारात घेण्यासारख्या आहेत. तिघींची वाट वेगवेगळी आहे.

पहिला नमुना पुण्याचा. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. ‘गुरुकुल’ हे उपनाव त्याला सार्थ आहे. संगीत आणि नृत्याचे विद्यार्थी शहरातील गुरूंकडे जाऊन प्रत्यक्ष विद्या घेतात आणि शास्त्र, इतिहास व इतर विषय विद्यापीठात शिकतात. गुरुपरंपरा आणि पदवी यांची अशी सांगड घालणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’चे नाटककार सतीश आळेकर यांनी १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुखपद सांभाळले. लहान महाविद्यालयाने येथून घ्यावा असा धडा सरळ आहे : प्रत्येक विषयाचा पगारी अध्यापक नेमणे शक्य नसेल, तर परिसरातील जाणत्या कलावंताला अभ्यासक्रमाशी जोडून घ्यावे.

दुसरा नमुना कर्नाटकातील हेग्गोडूचा. शिवमोग्गा जिल्ह्यातील या सुपारीबागायतदारांच्या खेड्यात १९४९ मध्ये नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ, म्हणजेच ‘नीनासम’, स्थापन झाला. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे प्रमुख शिल्पकार. संस्थेचे शिवराम कारंत रंगमंदिर उभे राहिले ते १९७२ साली. नाट्यशिक्षणाची संस्था १९८० मध्ये आली आणि राज्यभर नाटके घेऊन फिरणारे ‘तिरुगाट’ हे पथक १९८५ मध्ये. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या तारखांचा क्रम नीट पाहावा. आधी नाटक करणारी माणसे, तेवीस वर्षांनी वास्तू, त्यानंतर शाळा आणि शेवटी फिरते पथक. प्रेक्षक तयार झाल्यावर रंगमंदिर बांधले गेले. त्यामुळे ते रिकामे राहण्याचा प्रश्न आला नाही.

तिसरा नमुना आपल्या घरचा. १९७० साली स्थापन झालेल्या गोवा कला अकादमीची कांपाल येथील वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. तिचे काम १९७३ ते १९८३ या दशकातले. मांडवीच्या काठी बसकी, पसरट आणि कोणालाही सहज आत शिरता येईल अशी ही इमारत आहे. रस्त्याकडून नदीकडे जाणारा माणूस तिकीट न काढताही तिच्या सावलीतून जाऊ शकतो. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे सुमारे हजार आसनांचे मुख्य सभागृह, त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी रंगविलेले सज्ज्यांतले प्रेक्षक, त्याच्या दुप्पट माणसे सामावणारे खुले नाट्यगृह आणि प्रायोगिक सादरीकरणासाठी लहान दालन अशी तिची रचना. पण तिचे खरे वेगळेपण असे की, नाट्यशिक्षण, भारतीय संगीत-नृत्य आणि पाश्चात्त्य संगीत यांचे वर्ग याच छपराखाली वाढले. पाश्चात्त्य संगीताच्या शाखेचे मूळ तर अंतोनियो दे फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या संगीत अकादमीपर्यंत जाते. सकाळी वर्गात शिकणारा मुलगा संध्याकाळी त्याच इमारतीत जाणत्यांचा प्रयोग पाहू शकतो, ही सोय मोठमोठ्या शहरांतही दुर्मिळ आहे.

याच वास्तूने दुसरी बाजूही दाखवून दिली आहे. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी ती बंद झाली. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या मंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुख्य सभागृह पुन्हा सुरू झाले, पण ध्वनी आणि प्रकाशयोजनेविषयी रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्यांची दखल घेऊन सरकारला कृती दल नेमावे लागले. दरम्यान स्पर्धा, प्रयोग आणि तालमी इतरत्र हलल्या. उत्तम वास्तू असूनही तिची निगा तुटली की कलेचे नुकसान किती खोलवर होते, हे गोमंतकीय रसिकांना वेगळे सांगायला नको.

वास्तूचे शास्त्र : आवाज

सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा जन्मच एका महाविद्यालयीन आवारातील बिघडलेल्या दालनातून झाला, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात एकदा उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे त्यावर उपाय शोधण्याचे काम आले. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या दालनात मांडल्या आणि घुमारा किती घटतो ते मोजले. पहाटेपूर्वी गाद्या परत जात. या खटाटोपातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात : दालनाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणावे आणि आवाज शोषणाऱ्या एकूण क्षेत्राने भागावे, म्हणजे घुमाऱ्याचा काळ सेकंदांत मिळतो.

हे सूत्र लहान महाविद्यालयाला लावून पाहू. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असे दालन धरले, तर त्याचे घनफळ १,४४० घनमीटर होते. भिंती, छत आणि जमीन मिळून ८६४ चौरस मीटर. गिलाव्याच्या भिंती आणि फरशी आवाजाचा सुमारे शेकडा तीनच भाग शोषतात, म्हणजे शोषक क्षेत्र जेमतेम २६ चौरस मीटर भरते. अशा रिकाम्या दालनात घुमारा सुमारे नऊ सेकंदांचा होईल. तेथे नाटकाचा संवाद कळणे अशक्य. प्रत्येक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटरएवढे शोषण करतो असे धरले, तर ३०० प्रेक्षकांनी भरलेल्या दालनात घुमारा दीड सेकंदाच्या आत येतो. १०० प्रेक्षक असतील, तर मात्र तो तीन सेकंदांपलीकडे जातो. आता मंचाच्या बाजूचे व मागचे जाड पडदे आणि मागच्या भिंतीवरचे कापड मिळून १४० चौरस मीटर कापड लावले आणि ते निम्मा आवाज शोषते असे मानले, तर भरलेल्या दालनातील घुमारा एक सेकंदावर येतो, आणि १०० प्रेक्षकांतही तो दीड सेकंदाच्या थोडाच पुढे राहतो. संवादप्रधान नाटकाला एक सेकंदाच्या आसपासचा घुमारा सोयीचा, तर गायनाला त्याहून थोडा अधिक मानवतो. पडदे सरकते ठेवले की दोन्ही साधते.

या हिशेबाचा अर्थ असा की, पुष्कळ सभागृहांत जो पैसा मोठ्या ध्वनिक्षेपकांवर खर्च होतो, तो आधी कापडावर खर्च करायला हवा. घुमणाऱ्या दालनात ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविला, तर घुमाराही तितकाच वाढतो.

प्रकाश, मंच आणि ऋतू

प्रकाशयोजनेचे गणितही सोपे आहे. हजार वॉटचे वीस दिवे म्हणजे २० किलोवॉट भार, आणि तो पेलण्यासाठी तीन फेजची जोडणी हवी. त्याच कामासाठी दोनशे वॉटचे वीस एलईडी दिवे घेतले, तर भार ४ किलोवॉटवर येतो. जेथे वीज खात्रीची नाही, तेथे लहान जनित्रावरही प्रयोग पुरा करता येतो. मंच फार उंच नसावा. पहिल्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचे पाय दिसले पाहिजेत. आणि शेवटची रांग मंचापासून वीस-पंचवीस मीटरपलीकडे जाऊ नये, कारण त्यापुढे चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. विंगेत दोन्ही बाजूंना माणूस सामानासह वळू शकेल इतकी जागा, मंचाच्या मागून एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याची वाट, आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या, पाण्याची सोय असलेल्या रंगपट-खोल्या या गोष्टी नकाशात आधी याव्यात. मुलींना नाटकात भाग घेऊ द्यायचा की नाही, हे घरातील मोठी माणसे पुष्कळदा या शेवटच्या सोयीवरून ठरवितात.

ऋतुमानाचाही विचार हवा. बिदरच्या पठारावर उन्हाळा कडक असतो आणि पारा चाळिशीपार जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील संध्याकाळी मात्र कोरड्या आणि थंड असतात. गोव्यात खुल्या नाट्यगृहाला पावसाचे चार महिने सोडून द्यावे लागतात. चिटगुप्प्याच्या बाजूला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचा अर्धवर्तुळाकार खुला मंच हिवाळ्यातील मुख्य हंगाम सहज पेलू शकेल. दत्तजयंतीही त्याच दिवसांत येते.

भाषेचा प्रश्न

सीमाभागातील मराठी मुलाचे शिक्षण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून होत असेल, तर घराबाहेर त्याला मराठी मोठ्याने बोलण्याचे प्रसंग कमी येतात. भाषा वाचता येणे आणि चारचौघांत ती आवाज लावून बोलता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकाची तालीम ही दुसरी गोष्ट शिकविते. महिनाभर रोज दोन तास एकाच संहितेवर काम करणारा विद्यार्थी उच्चार, विराम आणि आघात यांविषयी जितके शिकतो, तितके पाठ्यपुस्तकातून शिकणे कठीण. हेच कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांनाही लागू आहे. म्हणून सीमेवरच्या महाविद्यालयातील मंच हा एका भाषेचा गड होता कामा नये. मराठी एकांकिकेत कन्नड घरातील मुलाने प्रकाशयोजना करावी आणि कन्नड नाटकात मराठी मुलीने गावे, ही त्या प्रदेशाच्या स्वभावाला धरून असलेली रीत होईल.

क्रम कोणता असावा

वरील साऱ्या विवेचनातून लहान महाविद्यालयासाठी एक क्रम हाती लागतो. प्रथम आठवड्यातील ठरावीक वार आणि वेळ तालमीसाठी राखून ठेवावी. त्यासाठी सध्याची एखादी वर्गखोली पुरते. मग परिसरातील एक गायक, एक तबलजी आणि एक नाट्यजाणकार यांना मानधन देऊन जोडून घ्यावे. वर्षातून चार प्रयोग गावासाठी खुले ठेवावेत आणि त्यांच्या तारखा वर्षारंभीच जाहीर कराव्यात. दोन-तीन वर्षांत प्रेक्षक ठरला, की पडदे आणि दिवे घ्यावेत. त्यानंतर खुला मंच बांधावा आणि बंदिस्त सभागृहाचा विचार सर्वांत शेवटी करावा. बांधकामाच्या अंदाजपत्रकातच दरवर्षीच्या निगेची तरतूद आणि ती पाहणाऱ्या एका पूर्णवेळ तंत्रज्ञाचे पद असावे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो. आधी कोनशिला बसते, मग इमारत होते आणि त्यानंतर कार्यक्रम शोधले जातात. गोव्यात तालुक्यातालुक्यांत रवींद्र भवने उभी राहिली आहेत आणि महाविद्यालयांतूनही सभागृहे आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आसनांची संख्या सांगितली जाते. तेथे आठवड्यातून किती दिवस तालीम चालते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हेग्गोडूच्या बागायतदारांनी तेवीस वर्षे नाटक केले आणि मग रंगमंदिर बांधले. चिटगुप्प्यासारख्या गावातील महाविद्यालयाला तेवीस वर्षे थांबण्याची गरज नाही. आवार आहे, विद्यार्थी आहेत आणि ऐकण्याची परंपरा हाकेच्या अंतरावर आहे. पहिली तालीम सुरू करण्यासाठी एवढे पुरेसे आहे.